मोटारीचा रंग, चरे आणि हातपॉलिश

मोटारीच्या रंगावरचे बारीक चरे उन्हात किंवा पेट्रोल पंपावरच्या दिव्याखाली गोल दिसतात. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळिष्टकासारखी वलये उमटतात आणि गाडी पुसणाऱ्याने फडके गोल फिरवले म्हणून ती पडली, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हे चरे सगळ्या दिशांनी वेडेवाकडे पडलेले असतात. ज्या चऱ्याची कड प्रकाशाच्या वाटेला आडवी येते तो चमकतो, बाकीचे लपून राहतात. दिव्याभोवती अशा आडव्या चऱ्यांचेच वर्तुळ जुळते. दिवा सरकवला की वर्तुळही त्याच्या मागोमाग सरकते. रोजच्या वापरातल्या स्टीलच्या ताटात बल्बखाली हेच दिसते. ढगाळ दिवशी मात्र तीच गाडी अगदी निर्दोष वाटते, आणि जुन्या गाड्यांचे विक्रेते याचा फायदा घेत आले आहेत.

चरा घालवण्याचा उपाय एकच आहे. चऱ्याच्या आजूबाजूचा रंग त्याच्या तळापर्यंत उतरवायचा. हे चरे फार तर काही मायक्रॉन खोल असतात (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणून ते हाताने उतरवता येतात. पॉलिश म्हणजे अशी वजाबाकी. ती कोणी करायची, किती करायची आणि करायची की नाही हे प्रत्येक काळात त्या काळच्या रंगाने ठरवले. त्यामुळे हातपॉलिशचा इतिहास हा मुळात रंगाचाच इतिहास आहे.

मोटारी आल्या तेव्हा त्यांचा रंग घोडागाडीचा होता, आणि रंगारीही तेच होते. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या उंची बग्ग्यांना जवसाचे तेल आणि कोपल राळ यांचे व्हार्निश देत. लाकडावर आधी अस्तर, मग लांबीचे अनेक हात, त्यावर खुणेसाठी वेगळ्या रंगाचा एक पातळ हात. मग प्युमिस या सच्छिद्र ज्वालामुखी खडकाची वीट पाण्यात भिजवून खुणेचा रंग पूर्ण जाईपर्यंत पृष्ठभाग घासायचा. कुठे तो रंग शिल्लक राहिला तर तिथे खळगा आहे, हे कळे. यावर मूळ रंग आणि व्हार्निशचे हात चढत. प्रत्येक हात वाळला की प्युमिसची पूड, पाणी आणि नमद्याचा तुकडा घेऊन त्याची चकाकी मारून टाकायची, म्हणजे पुढचा हात धरतो. प्युमिसचे चरे काढायला त्याहून मऊ रॉटनस्टोनची पूड असे. शेवटचा हात मात्र झाडून-पुसून बंद केलेल्या उबदार खोलीत द्यायचा आणि त्याला कोणी बोटही लावायचे नाही, कारण ते व्हार्निश वाळतानाच चकाकी धरत असे. म्हणजे बग्गीच्या काळात घासणे भरपूर होते, पण ते सगळे चकाकीच्या खाली गाडले जाई. या सगळ्या कामाला आठवडे लागत.

तयार बग्गीची निगा कशी राखावी याचे नियमही त्या काळात ठरून गेले होते. तबेल्यातल्या अमोनियाने व्हार्निश मरते म्हणून बग्गी घोड्यांपासून दूर ठेवावी. चिखल वाळू देऊ नये आणि वाळलाच तर खरवडू नये; वरून पाणी सोडून तो आपोआप सुटू द्यावा. चाकांचा स्पंज वेगळा, अंगाचा वेगळा. शेवटी ओल्या शॅमॉय चामड्याने टिपून घ्यावे. आजच्या कार-निगेच्या पुस्तकांत ‘दोन बादल्यांची पद्धत’ म्हणून जे सांगितले जाते, त्याचा गाभा सईसांना तेव्हापासून ठाऊक होता. धूळ पुसताना तीच कानशीसारखे काम करते, ही गोष्ट मोटारीपेक्षा जुनी आहे.

घासून आणलेल्या चकाकीची परंपरा पूर्वेकडे होती. जपानमधल्या उरुशी लाखकामात ‘रोइरो’ नावाचा काळा आरसा तयार करताना वाळलेला थर कोळशाने घासतात, आणि शेवटी हरणाच्या शिंगाची बारीक पूड बोटांनी व तळहाताने चोळतात. तिथे तळहात हेच शेवटचे हत्यार असते. या कामाची नक्कल करण्याच्या हौसेतून युरोपात ‘जपान’ नावाची काळी व्हार्निशे निघाली, आणि त्यांचीच डांबरी, भट्टीत भाजायची पिढी पुढे हेन्री फोर्डच्या कारखान्यात पोहोचली. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली तेव्हा ती लाल, हिरव्या, करड्या रंगांत मिळे. १९१३ मध्ये हायलंड पार्कला सरकती जुळणी सुरू झाली आणि १९१४ पासून १९२५ पर्यंत मॉडेल टी फक्त काळ्या रंगात निघाली. स्वस्त आणि टिकाऊ असलेला काळा रंग या वेगाला सोयीचा होता. बाकीच्या कंपन्यांना रंगीत गाड्या हव्या होत्या आणि त्यांचे रंग वाळायला दोन-चार आठवडे लागत. तोवर हजारो गाड्यांचे सांगाडे नुसते छपराखाली उभे करून ठेवावे लागत.

ही अडचण सोडवली ती स्फोटकांच्या कारखानदारीने. पहिल्या महायुद्धात द्यू पाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोज प्रचंड प्रमाणावर बनवले होते. त्या काळी सिनेमाची फिल्मही याच पदार्थाची असे. १९२० च्या जुलैत कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याचे असे रूप हाती लागले की कमी द्रावकात जास्त माल विरघळे आणि तरी ते मिश्रण फवारता येण्याइतके पातळ राही. जनरल मोटर्सबरोबर दोन-तीन वर्षे खटपट करून त्याचा रंग तयार झाला. नाव ठेवले ‘ड्युको’. १९२३ मध्ये ओकलंड या गाडीचे निळ्या रंगातले नवे मॉडेल ड्युको लावून बाजारात आले. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि रस्त्यावर रंग दिसू लागले.

हातपॉलिशच्या दृष्टीने ड्युकोचा खरा परिणाम वेगळाच झाला. व्हार्निश ओले असताना सपाट पसरते आणि आपोआप चमकते. ड्युको मात्र बंदुकीतून बाहेर पडताच द्रावक उडून वाळायला लागे. थेंब नीट पसरायच्या आत घट्ट होत आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत, निस्तेज उरे. चकाकी हवी असेल तर ती घासूनच आणावी लागे. बग्गीच्या रंगाऱ्याने ज्या शेवटच्या थराला कधी हात लावला नव्हता, तोच थर आता आधी घासकागदाने आणि मग कंपाउंडने, म्हणजे घासणाऱ्या लेपाने, घासणे हे कारखान्यातले नेहमीचे काम झाले. पॉलिशवाल्यांची स्वतंत्र जात इथे जन्मली.

तिची हत्यारेही याच सुमारास तयार झाली. एडवर्ड ॲचिसनने १८९१ मध्ये पेनसिल्व्हेनियात विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड बनवले होते. कार्बोरंडम या नावाने ते विकले जाई, आणि कडकपणात ते हिऱ्याच्या बरेच जवळ जाते. पण सरसाने चिकटवलेला घासकागद पाण्यात टिकत नसे, म्हणून घासणे कोरडेच चाले आणि शिसे मिसळलेल्या रंगाची धूळ कामगारांच्या छातीत जाई. फिलाडेल्फियाच्या फ्रान्सिस ओकीने पाण्यात न विरघळणारा घासकागद काढला, आणि मिनेसोटाच्या थ्रीएम कंपनीने १९२१ मध्ये तो ‘वेटॉरड्राय’ नावाने बाजारात आणला. आपल्याकडच्या गॅरेजांत ज्याला वॉटर पेपर म्हणतात, तो हाच. धूळ बसली, कागद भरेनासा झाला आणि चरे कितीतरी बारीक पडू लागले. याच कंपनीच्या रिचर्ड ड्रूने १९२५ मध्ये दुरंगी गाड्यांच्या रंगाऱ्यांची तारांबळ पाहून मास्किंग टेप काढली. पॉलिश करताना दाराच्या कडा आणि रबर झाकायला आजही तीच लागते.

ड्युकोचा दोष उन्हात दिसे. अतिनील किरणांनी नायट्रोसेल्युलोज पिवळे पडते, वरचा थर मरतो आणि रंग खडूसारखा होतो. मग मालकाने तो मेलेला थर चोळून काढायचा. द्यू पाँने यासाठी स्वतःच ‘नंबर ७’ पॉलिश विकायला काढले. रंग आपला आणि त्याचे औषधही आपलेच, असा हा दुहेरी धंदा होता. शिकागोचे सिमोनाइझ याच्याही आधीपासून बाजारात होते. फ्रँक मेग्वायरने १९०१ मध्ये इंडियानात फर्निचरचे पॉलिश बनवायला सुरुवात केली आणि लवकरच ते बिनघोड्यांच्या गाड्यांना वापरले जाऊ लागले. चोळून झाल्यावर वर मेण लावत. त्यातले सर्वांत मानाचे कार्नोबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून झाडून काढतात, आणि ते ८० अंश सेल्सियसच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. जॉन्सन मेणाच्या कंपनीचा मालक हर्बर्ट जॉन्सन १९३५ मध्ये या ताडांच्या शोधात समुद्री विमानाने थेट ब्राझीलला जाऊन आला, यावरून त्या काळी मेणाच्या धंद्यात किती पैसा होता याची कल्पना येते.

ड्युकोसारख्या रंगांत आणखी एक सोय होती. रंगद्रव्य थराच्या तळापर्यंत सारखे मिसळलेले असे, त्यामुळे पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागे. किती रंग निघतो आहे हे डोळ्यांना दिसे आणि अनुभवी माणूस तेवढ्यावरून हात आवरता घेई. तसाही थर जाड असे आणि गरज पडल्यास वर नवे हात मारता येत, कारण लॅकर, म्हणजे ड्युकोसारखा द्रावक उडून वाळणारा रंग, आपल्याच द्रावकात पुन्हा विरघळतो आणि नवा थर जुन्यात एकजीव होतो. ज्या गाड्यांना अंगच्या चकाकीचे भाजलेले एनॅमल लावले, तिथे कारखान्यातले घासणे वाचले; अशी गाडी उन्हाने मळकट झाली की पॉलिश करणे मालकाकडे आले.

मुंबई-पुण्याच्या गॅरेजांत हा लॅकरचा काळ फार लांबला. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, म्हणजे नंतरची पद्मिनी, पुढे कित्येक दशके रस्त्यावर राहिली. नवी गाडी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबल्यावर मिळे, म्हणून हातातली जपावी लागे. डेंटर पत्रा ठोके, पेंटर लांबी भरे, वॉटर पेपर मारी, एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचे हात फवारी आणि मग एखादा पोऱ्या सुती कापडाचा बोळा घेऊन दिवसभर रबिंग मारत बसे. फर्निचरला स्पिरिट-लाखेचे पॉलिश करणाऱ्या कारागिराच्या हातातला बोळा आणि हा बोळा यांत फारसा फरक नव्हता. आतला कापूस मऊ हवा, बाहेरच्या कापडाला सुरकुती नको आणि जमिनीवर पडलेला बोळा पुन्हा रंगाला लावायचा नाही, हे नियमही दोन्हीकडे तेच. दसऱ्याला गाडीवर झेंडूचा हार चढण्याआधी तिला पॉलिश मारून घेणे हा कित्येक घरांतला शिरस्ताच होता.

गॅरेजबाहेर मात्र रोजची चाल उलटी होती, आणि अजूनही आहे. सोसायटीच्या आवारात पहाटे एक माणूस एक बादली आणि एक फडके घेऊन दहा-वीस गाड्या पुसतो. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीत गाळ झालेला असतो. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात. मोह्सच्या कडकपणाच्या श्रेणीत क्वार्ट्‌झ सातवर आहे आणि कुठलाही मोटारीचा रंग त्याच्या जवळपासही येत नाही. त्यामुळे रोज पुसून घेतलेल्या काळ्या गाडीवर सहा महिने न पुसलेल्या गाडीपेक्षा जास्त चरे आढळतात. वर डिझेल-रॉकेलचा हात फिरवला की काही तास ते दिसत नाहीत, एवढेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिशमध्ये सिलिकोन तेल आले. डाऊ कॉर्निंग ही सिलिकोनची कंपनी १९४३ मध्ये निघाली आणि पुढच्या दशकात सिलिकोन मेणाच्या डब्यांत शिरले. हात हलका झाला, चकाकी झटपट आली. पण ते पत्र्याच्या कानाकोपऱ्यांत बसले की पुढच्या वेळी रंग मारताना रंग फाटून माशाच्या डोळ्यांसारखी भोके पडत. पेंटरचा सिलिकोनवरचा राग तेव्हापासूनचा आहे. शिवाय तेल आणि मातकट भर यांनी चरा भरून टाकता येतो, हेही बाजाराने याच काळात हेरले. अशी गाडी दोन-तीन धुण्यांनंतर पुन्हा पहिल्यासारखी दिसते. चरा काढला की बुजवला, हा प्रश्न आजही प्रत्येक पॉलिशबद्दल विचारावा लागतो.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्स ॲक्रिलिक लॅकरकडे वळली. हा लॅकर भट्टीत पुन्हा मऊ होऊन पसरत असे. म्हणून आधी भाजायचे, दोष वॉटर पेपरने घासायचे आणि पुन्हा भाजून घासकागदाचे चरे मिटवायचे, अशी युक्ती निघाली आणि पॉलिशवाल्यांचे कारखान्यातले पुष्कळसे काम भट्टीने घेतले. पण मोठा बदल ॲल्युमिनियमच्या चकत्या घातलेल्या धातूछटेच्या रंगांमुळे झाला. असा रंग घासला की वरच्या चकत्या कापल्या जाऊन डाग पडत. त्यावर रंगाचा पातळ थर आणि त्यावर बिनरंगाचा क्लिअर कोट, अशी जोडी युरोपात १९७० च्या दशकात रुळली, अमेरिकेत १९८० च्या दशकात. भारतात १९९० च्या दशकात नव्या कंपन्यांच्या गाड्यांबरोबर ती सर्रास दिसू लागली.

क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो. चरे त्यातच पडतात आणि त्यातूनच काढायचे असतात. अतिनील किरण शोषणारी द्रव्येही याच थरात असतात, म्हणून तो फार पातळ करून चालत नाही. आता फडक्याला रंग लागत नाही, त्यामुळे किती थर गेला हे डोळ्यांना कळत नाही. ‘क्लिअर उडाला’ हे कळते तेव्हा पुन्हा फवारण्याशिवाय इलाज उरलेला नसतो. पहिल्या काही वर्षांत जुन्या सवयीने लोकरीची गादी लावलेली फिरती मशिने आणि जाडे कंपाउंड या थरावर चालवली गेली. गडद रंगावरच्या पारदर्शक थरात मशीनचे माग उन्हात लाटांसारखे दिसू लागले आणि स्वर्ल मार्क हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडी आला. चरे आधीही पडत होते. पण लॅकर घासणे हा देखभालीचाच भाग असल्याने त्यांची वेगळी तक्रार कोणी केली नव्हती. पुढे स्पंजाच्या गाद्या, जागच्या जागी थरथरणारी मशिने आणि थराची जाडी मोजणारे मापक आले.

पॉलिशमध्ये नेमके काय घडते याची चर्चा मोटारीहून कितीतरी जुनी आहे. न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये म्हटले होते की पॉलिश म्हणजे दिसेनासे होईपर्यंत बारीक केलेले ओरखडेच. जॉर्ज बेल्बीने १९२१ मध्ये याउलट मांडले की घासताना धातूचा वरचा पापुद्रा वाहून खळगे भरतो. धातूंचा वाद बरीच वर्षे चालला. क्लिअर कोटपुरते न्यूटनचे म्हणणे पुरेसे आहे. पॉलिशमधले ॲल्युमिनाचे कण चरे पाडतातच, पण हे चरे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे सुमारे अर्ध्या मायक्रॉनपेक्षा, उथळ असले की डोळ्यांना दिसत नाहीत. काही पॉलिशमधले कण घासताना तुटून आणखी बारीक होत जातात. अशी पॉलिश अर्धवट चोळून पुसली तर जाड्या कणांचे चरे तसेच मागे राहतात. हाताने काम करणाऱ्यांची नेहमीची चूक हीच असते.

हातपॉलिशची आजची पद्धत या सगळ्या वळणांतून तयार झाली आहे. गाडी सावलीत, पत्रा गार. आधी भरपूर पाण्याने धुणे, मग रंगात रुतलेले लोखंडी कण आणि डांबराचे ठिपके जपानी बनावटीच्या मऊ मातीने ओढून काढणे. कडांना टेप, कारण कडेवर थर सर्वांत पातळ असतो. एका वेळी फूट-दीड फुटाचा चौकोन घ्यायचा. गादी मायक्रोफायबरची किंवा दाट स्पंजाची. आतून बोटांचा दाब पडू नये म्हणून ती सपाट, जाडसर हवी, नाहीतर चार बोटांचे चार पट्टे उमटतात. पॉलिश वाटाण्याएवढे पुरे. हात गोल न फिरवता आधी उभा, मग आडवा चालवायचा, म्हणजे राहिलाच एखादा चरा तर तो एकाच कोनातून दिसतो. पॉलिशचा पांढुरका थर पारदर्शक होत आला की थांबायचे, पुसायचे आणि मिणमिणत्या ट्यूबऐवजी एकाच प्रखर दिव्याखाली तिरपे पाहायचे. पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा पुसले की तेलाने झाकलेले चरे वर येतात आणि खरा हिशोब कळतो.

हाताचा वेग मशीनच्या तुलनेत नगण्य असतो. एका चौकोनाला दहा-पंधरा मिनिटे जातात आणि तरी फक्त उथळ चरेच निघतात. ज्यात नख अडकते तो चरा हाताने जात नाही, आणि काढायला जाऊही नये. जर्मन गाड्यांचे क्लिअर कोट कडक असल्याचा अनुभव पॉलिशवाले सांगतात. तिथे हात थकतो. जपानी गाड्यांवरचे मऊ, तिथे हाताने काम होते, पण पुसताना पुन्हा चरा पडतो.

कंपन्यांनी चरा पडूच नये यासाठीही प्रयत्न केले. मर्सिडीज-बेंझने २००३ च्या अखेरीपासून अतिसूक्ष्म सिरॅमिक कण मिसळलेला कडक क्लिअर कोट वापरायला घेतला. निस्सानने २००५ मध्ये उलट मार्ग धरला: थर रबरासारखा लवचीक ठेवला, म्हणजे उथळ चरा उबेने आपोआप मिटतो. टोयोटाने २०१८ च्या सेंच्युरीसाठी सात थरांचा काळा रंग निवडला आणि तो मधल्या टप्प्यांवर पाण्याने घासून शेवटी आरशासारखा पॉलिश करण्याचे काम कारागिरांकडे दिले. साध्या गाड्यांवर आता पारदर्शक फिल्म आणि सिरॅमिक लेप चढतात. पण लेप देण्याआधी खालचे चरे काढावेच लागतात, कारण लेपाखाली ते कायमचे कोंडले जातात. तिथे बहुतेक पृष्ठभाग मशीन करते. दाराच्या मुठीमागची वाटी, आरशाचा दांडा, नंबरप्लेटभोवतीची खाच आणि कंपनीच्या अक्षरांमधली जागा, जिथे पाच इंची गादी पोहोचत नाही, ती अजून बोटाला फडके गुंडाळूनच करावी लागते.